शुश्रूषेचा पहिला अर्थ

मराठीत एखाद्या लेखकाची मुलाखत घेतली जाते तेव्हा त्याला काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. लेखनाची प्रेरणा कोणती, पहिली कथा केव्हा लिहिली, कोणाचा प्रभाव पडला, समाजाला काय सांगायचे आहे. ‘आपण आजवर काय ऐकले, आणि कोणाचे ऐकले?’ हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो. आपल्या समीक्षेची परिभाषा पाहिली तरी हेच आढळते. अनुभूती, आत्माविष्कार, अभिव्यक्ती, प्रतिभा, जाणीव हे तिचे नित्याचे शब्द. या शब्दांचा प्रवास आतून बाहेर होतो. लेखकाच्या आत काही असते आणि ते कालांतराने बाहेर येते, असे एक गृहीत त्यांच्या तळाशी आहे. मुळात बाहेरून आत काय गेले, कोणत्या दाराने गेले आणि ते दार उघडे ठेवण्यासाठी लेखकाला काय करावे लागले, याविषयी आपण फार थोडे बोलतो. फार तर ‘सूक्ष्म निरीक्षणशक्ती’ असे म्हणून मोकळे होतो. निरीक्षण हा डोळ्यांचा व्यापार आहे. कानाला आपल्या समीक्षेत जागा मिळाली आहे ती छंद, लय आणि नाद यांच्यापुरती.

माझे म्हणणे असे आहे की सर्जनशील लेखनाचा आरंभ सांगण्याच्या इच्छेपेक्षा ऐकण्याच्या इच्छेत अधिक वेळा सापडतो. मराठी वाङ्मयातील काही परिचित उदाहरणे या दृष्टीने पुन्हा पाहिली, तर त्यांच्याविषयी आपण वर्गात जे सांगतो ते अपुरे आहे असे वाटू लागते.

या इच्छेला एक नेमका शब्द आहे. संस्कृतात धातूला इच्छार्थक रूप देण्याची सोय आहे, व्याकरणात त्या रूपाला सन्नन्त म्हणतात. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. ‘पा’ म्हणजे पिणे, पिण्याची इच्छा ती पिपासा. मीमांसा आणि चिकित्सा हे शब्दही घडणीने याच कुळातले. आणि ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्यावरून ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विद्या कोणाला घडवू शकते हे सांगताना बुद्धीचे गुण क्रमाने दिले आहेत: शुश्रूषा, श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान, ऊह, अपोह आणि तत्त्वाभिनिवेश. या क्रमात शुश्रूषा श्रवणाच्याही आधी येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कानावर काही पडण्यापूर्वी ते पडावे असे वाटले पाहिजे. पुढे गुरूजवळ राहून ऐकणारा शिष्य गुरूची सेवाही करीत असल्याने या शब्दाचा अर्थ सेवेकडे सरकला, आणि मराठीत तर तो रुग्णाच्या उशाशी जाऊन थांबला. जिज्ञासा, मीमांसा, चिकित्सा ही भावंडे विद्यापीठात राहिली आणि शुश्रूषा इस्पितळात गेली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिला परत बोलवावे, असे मला वाटते.

कुतूहल, जिज्ञासा आणि शुश्रूषा यांत फरक आहे. शेजारच्या घरात काल रात्री काय झाले, हे कुतूहल. उत्तर मिळाले की ते शमते. ते तसे का झाले असावे, ही जिज्ञासा. तिला कारण हवे असते आणि कारण कोणाकडून कळले याच्याशी तिला फारसे कर्तव्य नसते. शुश्रूषेला मात्र ते माणूस हवे असते. ते कोठून सुरुवात करते, कोठे अडखळते, कोणते नाव घ्यायचे टाळते, एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना काय बदलते, हे सगळे तिला हवे असते. माहिती कुतूहलातून मिळते, ज्ञान जिज्ञासेतून मिळते. कथा, कविता, नाटक यांना जे लागते ते मात्र पुष्कळदा या तिसऱ्या इच्छेशिवाय हाती येत नाही.

मराठी गद्याचा आरंभच या इच्छेतून झाला. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, परंतु तो कसा सिद्ध झाला या गोष्टीला केवळ पार्श्वभूमी मानून पुढे जातो. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या सहवासात आलेली माणसे ठिकठिकाणी विखुरलेली होती आणि प्रत्येकाजवळ आठवणींचा एकेक तुकडा होता. म्हाइंभटांनी या माणसांना गाठून आठवणी विचारल्या आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्या पारखून घेतल्या. म्हाइंभट पंडित होते. मनात आणते तर अलंकारांनी नटलेले एखादे चरित्र त्यांनी घरी बसून रचले असते. त्याऐवजी त्यांनी लहान लहान वाक्ये लिहिली. स्वामी कोठे होते, जवळ कोण होते, कोणी काय विचारले, स्वामी काय म्हणाले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा निरनिराळे पाठ नोंदवून ठेवण्याचा कटाक्षही या परंपरेत दिसतो. दोन साक्षींतला फरक मिटवून एक गुळगुळीत हकिगत तयार करण्याचा मोह कोणत्याही लेखकाला होतो. तो आवरणे हा ऐकणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि लीळाचरित्राची भाषा आजही जिवंत वाटते त्याचे एक कारण मला यात दिसते.

याच ग्रंथात महदाइसा वारंवार भेटते. ती सतत विचारत असते. तिच्या शंकांमुळे चक्रधरांना बोलावे लागते, आणि त्यांचे पुष्कळसे निरूपण कोणीतरी विचारले म्हणूनच अस्तित्वात आले आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो ती हीच महदंबा, ‘धवळे’ रचणारी. विचारणारी आणि रचणारी बाई एकच असावी, हा निव्वळ योगायोग आहे असे मानायला माझे मन तयार होत नाही.

ज्ञानेश्वरीत (1290) तर ऐकणाऱ्याला ग्रंथरचनेतच स्थान आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. अवधान मिळाले तर बोलण्याला अर्थ येईल, अशी त्यामागची धारणा आहे. रामदासांनी दासबोधात नवविधा भक्तीचे निरूपण करताना श्रवणाला पहिला समास दिला, आणि ऐकण्याजोग्या विषयांची तेथे आलेली यादी हरिकथेपुरती मर्यादित ठेवली नाही. पुष्कळ ऐकावे आणि त्यातले सार निवडून घ्यावे, असा त्यांचा रोख आहे. कीर्तन, प्रवचन, भारूड, पोवाडा या सर्व परंपरांत सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असत. छापील पुस्तकाच्या काळात ही रचना मोडली. लेखक टेबलाशी एकटा बसला आणि वाचक दूर गेला. त्यामुळे आधुनिक लेखकाला ऐकण्यासाठी मुद्दाम उठून जावे लागते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) ही अशा उठून जाण्याचीच कादंबरी आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. तो शिकवायला गेलेला आहे, पण कादंबरीभर आपण त्याला ऐकताना पाहतो. कारभारी बोलतो, इतर माणसे येऊन आपापले गाऱ्हाणे मांडतात, आणि मास्तर मधे फारसे न बोलता हे सारे मनात साठवत जातो. त्याला या माणसांविषयी कुतूहल आहे, परंतु त्यांच्यावर निवाडा देण्याची घाई नाही. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. तेव्हा निवेदक आक्रोश करीत नाही. त्याने आधी इतके ऐकलेले असते की रिकाम्या वाडीत कोणाचे आवाज उरले नाहीत हे वाचकाला न सांगताच कळते. माडगूळकर पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम अनेक वर्षे करीत होते, म्हणजे कान हा त्यांच्या उपजीविकेचाही भाग होता. या कादंबरीशेजारी नंतरच्या काळातील कितीतरी ग्रामीण कथा ठेवून पाहाव्यात. तिथे बोली विपुल असते, परंतु ती पात्राला चढवलेल्या पोशाखासारखी असते. पात्र काढून दुसरे बसवले तरी पोशाख तोच चालतो. बोलीतले शब्द गोळा करणे आणि बोलणाऱ्या माणसाचे ऐकणे ही दोन निराळी कामे आहेत.

विजय तेंडुलकरांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकाचे बीज विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळीच्या भेटीत आणि त्यांच्या आपसांतल्या बोलण्यात मिळाले, असे तेंडुलकरांनीच सांगितलेले आहे. असे बोलणे रोज हजारो माणसांच्या कानांवर पडते. तेंडुलकरांनी त्या थट्टेच्या सुराखाली दुसरा सूर ऐकला. पुढे त्यातून जे नाटक झाले त्याचा विषयही न ऐकणे हाच आहे. आपण न्यायालयाच्या कामाला ‘सुनावणी’ म्हणतो, आणि या नाटकातल्या सुनावणीत बेणारेविषयी प्रत्येक जण बोलतो, तिचे मात्र कोणी ऐकत नाही. तिला बोलायला मोजके दहा सेकंद दिले जातात. तिचे ते सुप्रसिद्ध दीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसे थिजलेली असतात. ते स्वगत पोचते ते फक्त प्रेक्षागृहात. सहपात्रांना न दिलेले श्रवण नाटककार प्रेक्षकाकडून मागतो आहे. या नाटकाची जी नैतिक ताकद आहे ती मला या रचनेत दिसते. स्त्रीच्या दुःखाविषयीच्या विधानांपेक्षा ती मला अधिक मोलाची वाटते.

पाच वर्षांनी, 1972 मध्ये, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. प्रस्थापित लेखकाने नव्या कवीची ओळख करून द्यावी, हा आपल्याकडचा रूढ शिष्टाचार आहे, आणि त्यात बहुधा आशीर्वादाचा सूर असतो. तेंडुलकरांनी निराळे केले. ज्या वस्तीतून ही कविता आली त्या वस्तीत ते ढसाळांबरोबर हिंडले, आणि कवितेतले जे शब्द आपल्याला कळले नाहीत ते त्यांनी कवीला विचारले. विचारले हे प्रस्तावनेत लिहिलेही. मराठीतला एक आघाडीचा नाटककार मराठी शब्दांचे अर्थ विचारतो आणि ते जाहीरपणे सांगतो, ही घटना आपल्या वाङ्मयीन इतिहासात दुर्मिळ आहे. मुंबईतच, काही मैलांच्या अंतरावर, आपल्याला न कळणारी मराठी बोलली जाते याची ती कबुली होती. त्या कवितेचे समर्थन करणारे लेख नंतर पुष्कळ झाले. मला तरी आजही ती प्रस्तावना अधिक उपयोगी वाटते, कारण ती कवितेकडे कोणत्या वृत्तीने जावे हे कृतीने दाखवते.

आणि ‘कमला’ (1981). ऐकणे या विषयावर मराठीत याहून कठोर नाटक मला माहीत नाही. जयसिंग जाधव हा पत्रकार बायकांच्या बाजारातून कमलाला विकत आणतो, हा बाजार अस्तित्वात आहे हे सिद्ध करण्यासाठी. त्याला जिज्ञासा आहे, धाडस आहे, सामाजिक हेतूही आहे. पत्रकारपरिषदेत तो तिला उभी करतो. तिला काय वाटते हे विचारण्याची त्याला गरज भासत नाही, कारण तिने काय सिद्ध करायचे ते त्याने आधीच ठरवलेले आहे. नाटकातला खरा प्रश्न कमला विचारते. तुम्हांला यांनी कितीला घेतले, असे ती पत्रकाराच्या बायकोला, सरिताला, अगदी सहज विचारते. ज्या बाईला पुरावा म्हणून आणले तिलाही कुतूहल असू शकते, हे जयसिंगच्या ध्यानीमनी नसते. तो प्रश्न सरिताने ऐकला, म्हणून तिचे स्वतःच्या घराकडे पाहणे बदलते. शुश्रूषेची एक कसोटी येथे सापडते. आपण ज्याला विचारायला गेलो त्याच्या प्रश्नाने आपला प्रश्न बदलला का? बदलला नसेल, तर आपण पुरावे गोळा केले.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हे सर्व दुसऱ्यांविषयी लिहिणाऱ्यांना लागू आहे, ज्याला स्वतःचेच सांगायचे आहे त्याचे काय? दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मय हलवले ते स्वतःचे जगणे स्वतः सांगून. तिथे ऐकण्याचा संबंध कोठे येतो?

उत्तरादाखल ‘बलुतं’ (1978) उघडून पाहावे. दया पवारांनी हे आत्मकथन साध्या प्रथमपुरुषी निवेदनाने सुरू केलेले नाही. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो, अशी त्याची मांडणी आहे. दगडू हे लेखकाचे मूळ नाव, दया हे लेखक म्हणून घेतलेले. शिकलेल्या, शहरात स्थिरावलेल्या, कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने आपल्यातल्या दगडूला समोर बसवले आहे. या मांडणीकडे निवेदनतंत्राचा एक प्रयोग म्हणून पाहिले जाते, पण तिच्या मागे एक निकड आहे. दगडूचे बोलणे इतकी वर्षे कोणी ऐकले नव्हते, आणि न ऐकणाऱ्यांत काही अंशी दया पवार हा पांढरपेशा झालेला माणूसही होता. स्वतःचे सांगण्यापूर्वी स्वतःतल्या गप्प केलेल्या माणसाचे ऐकावे लागते, हे या पुस्तकाइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणजे आत्मकथनही या नियमाला अपवाद नाही, उलट ते या नियमाचे सर्वांत अवघड उदाहरण आहे.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. फलटणला किराणा मालाचे छोटे दुकान चालवता चालवता त्यांनी हे लेखन केले आणि ते अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणच्या बोलीचा, म्हणजे त्या गावात कोणत्या समाजाची माणसे कशी मराठी बोलतात याचा, अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे तिथेच राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते प्रकाशात यावे म्हणून प्रोत्साहन दिले. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लेखन बेबीताईंचे आणि त्याचे श्रेय त्यांचेच, यात शंका नाही. तरीही लपवलेली वही बाहेर येण्यासाठी ती ऐकायची इच्छा असलेले कोणीतरी जवळ असावे लागते. अशा किती वह्या कोणी विचारले नाही म्हणून तशाच राहिल्या असतील?

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. पहाटे दळताना बायका जात्याशी बोलत, समोर बसलेल्या जोडीदारणीशी बोलत. घरात ज्याला श्रोता नव्हता ते सारे ओवीत येई. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संपादनांतून त्यांतले पुष्कळ धन राखले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव ओवीबरोबर राखणे हे या संग्रहाचे मला सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वाटते. ‘लोकसाहित्य’ म्हटले की कर्ता पुसून टाकण्याची आपल्याला सवय आहे. नाव विचारणे ही ऐकण्याची पहिली पायरी, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या गाळली. बहिणाबाई चौधरींचे (1880–1951) नाव राहिले, कारण घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता आणि काही कविता उतरवून घेतल्या गेल्या. 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा महाराष्ट्राला आश्चर्याचा धक्का बसला. निरक्षर बाई इतकी मोठी कवयित्री कशी, याचे ते आश्चर्य होते. शेजारच्या घरांतल्या किती बायकांना आपण काही विचारलेच नाही, याचे आश्चर्य वाटणे अधिक योग्य झाले असते.

दुसरा आक्षेप कल्पनाशक्तीच्या बाजूने येईल. जी. ए. कुलकर्णी धारवाडला जवळजवळ अज्ञातवासात राहिले, माणसांत मिसळले नाहीत, आणि तरीही मराठी कथेला त्यांनी जी खोली दिली ती माणसांत वावरणाऱ्या किती जणांना देता आली? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे ‘ऐकणे’ या शब्दाचा अर्थ गर्दीत हिंडणे असा करण्याचा धोका टळतो. पण जी. एं.चा एकांत बहिऱ्या माणसाचा नव्हता. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा एकामागून एक कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. भाषांतर हे ऐकण्याचे सर्वांत संथ रूप आहे. दुसऱ्याचे प्रत्येक वाक्य थांबून, त्याच्या श्वासासकट ऐकल्याखेरीज ते आपल्या भाषेत उतरत नाही. त्यांच्या पत्रव्यवहाराचा विस्तारही हेच सांगतो. माणूस खोलीत एकटा असूनही ऐकत असू शकतो, आणि सभासंमेलनांतून अखंड वावरूनही आपल्याच आवाजाखेरीज काही न ऐकणारे लेखक आपण पाहतोच.

तिसरा प्रश्न असा की ऐकलेलेच लिहिले तर लेखकाचे म्हणून काय उरले? स्वेतलाना अलेक्सिएविच यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले तेव्हा हाच वाद उपस्थित झाला होता. युद्धात लढलेल्या स्त्रिया, चेर्नोबिलच्या दुर्घटनेत सापडलेली माणसे, यांच्या शेकडो मुलाखतींतून त्यांची पुस्तके घडली. हे वाङ्मय की पत्रकारिता, असे विचारले गेले. आपल्याकडे अनिल अवचटांच्या ‘माणसं’सारख्या पुस्तकांविषयीही हा संभ्रम होता. मला वाटते, कोणता आवाज कोठे थांबवायचा, कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचे, कोणते मौन तसेच ठेवायचे, हे ठरवताना लेखकाचे सारे सामर्थ्य पणाला लागते. जबाबदारीही तेथेच येते. ज्याने विश्वासाने सांगितले त्याचे बोलणे आपल्या सोयीने वाकवले, तर ती लूट होते. ऐकण्याची महती गाताना ही बाजू झाकून चालणार नाही. सांगणाऱ्याला न सांगण्याचाही अधिकार आहे, आणि लेखकाला न कळलेली गोष्ट लेखनात न कळलेली म्हणून राहू देण्याचे धैर्य हवे.

आता वर्गाकडे येतो, कारण माझा खरा आग्रह तेथे आहे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे आणि बोललेले आपोआप लिहून देणारी यंत्रणाही मराठीत बऱ्यापैकी काम करू लागली आहे. म्हाइंभटांना जे करण्यासाठी पायपीट करावी लागली, सोपानदेवांना जे हाताने उतरवून घ्यावे लागले, ते आता एका स्पर्शाने होते. त्यामुळे जतन करणे आणि ऐकणे यांतले अंतर पूर्वी कधी नव्हते इतके वाढले आहे. यंत्रात साठले म्हणजे आपण ऐकले, असा समज बळावतो आहे. कोठे अडवायचे, कोठे गप्प राहायचे, पुढचा प्रश्न कोणता, हे यंत्र ठरवीत नाही. ते शुश्रूषेनेच ठरते, आणि ती शिकवावी लागते.

सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमांत आपण विषय देतो, प्रकार देतो, शब्दमर्यादा देतो. मुले ‘स्वतःला व्यक्त’ करतात, आणि पंचवीस वहींत एकच पाऊस पडतो, एकच आई कष्ट उपसते. यात मुलांचा दोष नाही. ज्या विषयावर त्यांना कोणाचे काही ऐकायला सांगितलेच नाही, त्यावर ती वाचलेलेच लिहिणार. त्याऐवजी एक साधी गोष्ट करून पाहता येईल. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका माणसाचे तासभर, यंत्राशिवाय ऐकायला सांगावे. परत आल्यावर त्या माणसाने काय सांगितले हे लगेच लिहायला सांगू नये. तुम्ही कोणता प्रश्न घेऊन गेला होतात, येताना कोणता प्रश्न घेऊन आलात, आणि मधे कोठे कोठे त्याला बोलू दिले नाही, एवढेच लिहायला सांगावे. कथा त्यानंतर. अनेकांना आपल्या आजीचे माहेरचे नावही ठाऊक नव्हते हे या एका तासात कळते. ज्या मुलाला ते कळते त्याच्या पुढच्या लेखनातली आजी कष्ट उपसणारी साचेबंद आजी राहत नाही.

त्याबरोबर वर्गात मोठ्याने वाचण्याची पद्धत पुन्हा सुरू करावी. एम.ए.च्या वर्गात एखादी संपूर्ण कथा, मधे भाष्य न करता, शेवटपर्यंत वाचून दाखवली जाणे आता जवळपास थांबले आहे. कथेचा आशय, घटक, वैशिष्ट्ये, मर्यादा हे मुद्दे आपण घडाघडा सांगतो, आणि मुले कथेविषयी सारे ऐकतात, कथा तेवढी ऐकत नाहीत. आपली परीक्षापद्धती बोलण्याला गुण देते, ऐकण्याला देत नाही, हे खरे. पण शिक्षकाने एक तास त्यासाठी काढला तर त्याला कोणताही नियम आड येत नाही.

मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता आपण अलीकडे फार करतो. त्या चर्चेत किती जण मराठी बोलतात, किती शाळा उरल्या, किती पुस्तके खपली, याचे हिशेब असतात. मराठीतच बोलणाऱ्या, परंतु आपल्याला न कळणारे शब्द वापरणाऱ्या माणसाला ‘म्हणजे काय?’ असे आदराने विचारणारे किती उरले, हा हिशेबही एकदा मांडला पाहिजे. भाषेला बोलणारे लागतात हे उघड आहे. वाङ्मयाला मात्र असा विचारणारा लागतो, आणि विचारून झाल्यावर गप्प बसून उत्तराची वाट पाहणारा लागतो.